निराधार अनुदान बंद झाले तर निकालापर्यंत जगायचे कसे?

आपल्या वस्त्यांतील कित्येक विधवा, परित्यक्ता भगिनींचे घर संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या महिना १५०० रुपयांवर चालते. ते थांबले की दाद मागण्यात महिने जातात, किराणा आणि औषधे मात्र थांबत नाहीत.

कार्यकर्त्यांनी आधी कारण शोधावे. आधार खात्याला जोडलेले नसेल किंवा हयातीचा दाखला राहिला असेल, तर कागद देऊन काम होते. पण ‘अपात्र’ ठरवले असेल, तर कारणासह लेखी आदेश मागा. मिळाला नाही तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा; उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

तहसीलदारांकडील अर्जात तीन मागण्या वेगवेगळ्या लिहा: सुनावणी घ्या, निर्णय होईपर्यंत अनुदान चालू ठेवा, थकलेले हप्ते द्या. अर्ज केला म्हणजे पैसे आपोआप सुरू होतील, असे धरून चालू नका. पोच जरूर घ्या.

१९७० मध्ये ‘गोल्डबर्ग विरुद्ध केली’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीआधी मदत तोडणे घटनाबाह्य ठरवले. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण बाजू ऐकल्याशिवाय हक्क काढू नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आपल्याकडेही आहे. उपाशी माणूस लढणार कसा?

तरीही दाद मिळाली नाही, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती, महिला आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.