कॉलेजच्या समूहगीतात जागा कशी मिळते? ‘विशारद’ नसलं तरी चालतं!

जून-जुलैत ॲडमिशनची धावपळ संपली की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागतो : ‘युवा महोत्सवासाठी निवड चाचणी. इच्छुक विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत.’ बेळगाव असो, मडगाव असो, इंदूर असो की वडोदरा, हा कागद सगळीकडे सारखाच. घरी पेटी असलेली, गावच्या भजनात टाळ धरलेली, गणपतीत ढोलकी वाजवलेली कितीतरी मराठी मुलं तो वाचतात आणि पुढे निघून जातात. कारणं विचारलीत तर तीनच ऐकू येतात. ‘मी कुठलीच परीक्षा दिलेली नाही’, ‘तिथं सगळं दुसऱ्या भाषेत चालतं’ आणि ‘घरचे म्हणतात, आधी अभ्यास’. ही तिन्ही कारणं किती खरी आहेत ते बघू.

आधी रचना समजून घ्या

विद्यापीठांच्या युवा महोत्सवाला पायऱ्या असतात. पहिली पायरी कॉलेजमधली निवड. दुसरी आंतरमहाविद्यालयीन फेरी, म्हणजे त्या विद्यापीठाच्या कॉलेजांमधली स्पर्धा. काही विद्यापीठं ती आधी जिल्हावार घेतात आणि मग मध्यवर्ती. तिथून विद्यापीठाचा संघ ठरतो. तो भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजेच एआययू, भरवते त्या विभागीय महोत्सवात जातो आणि तिथं वर आला तर राष्ट्रीय महोत्सवात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी राज्य पातळीवर ‘इंद्रधनुष्य’ हा महोत्सव वेगळा असतो.

सीमाभागात याची एक गंमत आहे. चंदगडच्या कॉलेजातला मुलगा शिवाजी विद्यापीठाचा, म्हणजे पश्चिम विभागात. तिथून तास-दीड तासावरच्या बेळगावातली त्याची मावसबहीण राणी चन्नम्मा विद्यापीठाची, म्हणजे दक्षिण विभागात. गोवा आणि गुजरात पश्चिमेत, इंदूर-ग्वाल्हेर मध्य विभागात. बेळगावातच इंजिनिअरिंगला असाल तर विद्यापीठ बहुधा विश्वेश्वरय्या तांत्रिक, आणि त्याचा महोत्सव आणखी वेगळा. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मित्राची तारीख तुमची तारीख नसते. आपलं कॉलेज कुठल्या विद्यापीठाला जोडलेलं आहे, ते आधी बघा.

गाणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना किती जागा?

संगीत म्हटलं की एकट्यानं मैफल गाजवणारा डोळ्यांसमोर येतो. तसे एकलचे प्रकार आहेतच : शास्त्रीय गायन, तालवाद्य, स्वरवाद्य, सुगम गायन. पण प्रत्येकात एका संघाची जागा एकच. गटाच्या प्रकारांत मात्र जागा जास्त. एआययूच्या नियमांप्रमाणे भारतीय समूहगीतात गाणारे सहा आणि साथीला तीन. वेळ जास्तीत जास्त दहा मिनिटं. लोकवाद्यवृंदात बारा जणांपर्यंत वाजवणारे बसू शकतात. पाश्चात्त्य समूहगीत हा आणखी एक प्रकार. चर्चच्या क्वायरमध्ये तयार झालेल्या गोव्यातल्या मुलांना तो जवळचा वाटतो.

म्हणजे साधा हिशेब असा : शास्त्रीय गायनाच्या एका जागेसाठी सात-आठ वर्षं शिकलेली मुलं रांगेत असतील. पण समूहगीत आणि वाद्यवृंद धरले तर अठरा जणांची गरज आहे, आणि तेवढी माणसं जमवताना कॉलेजच्या सांस्कृतिक प्रमुखांना घाम फुटतो. नवख्यानं दार ठोठवावं ते इथं.

परीक्षा नाही, मग?

विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, म्हणजे आपल्या सीमेलगतचेच. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतून पुढे प्रारंभिक ते विशारद-अलंकार अशी परीक्षांची शिडी घरोघरी पोचली. ती चांगलीच आहे. पण समूहगीताच्या निवडीत तिचं प्रमाणपत्र कुणी मागत नाही. संगीत विभागाचेच विद्यार्थी हवेत असंही नाही. बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, कुठलाही नियमित पूर्णवेळ विद्यार्थी चालतो. वयाची अट मात्र आहे. एआययूच्या महोत्सवासाठी १ जुलैला वय २५ पेक्षा कमी लागतं.

वडोदऱ्यात १८८६ पासून संगीत शाळेची परंपरा आहे, ग्वाल्हेरला तर संगीताचं स्वतंत्र विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी तयारीचे गायक जास्त भेटतील हे खरं. पण सहा चांगले एकल गायक एकत्र उभे केले म्हणून समूहगीत होत नाही. प्रत्येकजण आपली हरकत घ्यायला लागला की गाणं फाटतं. निवड करणारे म्हणून तीन गोष्टी बघतात.

पहिली, सूर धरून ठेवता येतो का. शेजारचा वरची ओळ गात असताना तुम्ही खालच्या ओळीवर टिकता की त्याच्या मागं वाहत जाता? दुसरी, लय. सम कुठे आहे ते कुणी न सांगता कळतं का? तिसरी, ऐकणं. आपला आवाज बाकीच्या पाचांत मिसळतो की वर तरंगतो?

आता सांगा, भजनी मंडळात दुसरं काय शिकवतात? बुवांनी चरण म्हटला की मागच्यांनी त्याच सुरात झेलायचा, टाळ चुकवायचा नाही, पखवाज ठाय सोडून दुगणीत गेला की त्याच्याबरोबर जायचं. दहा वर्षं शुक्रवारच्या भजनाला बसलेल्या पोरानं समूहगीताची निम्मी तयारी नकळत केलेली असते. फक्त ती ‘तयारी’ आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सुगम गायनाच्या नियमांत तर गीत, गझल, भजन यांच्याबरोबर अभंगाचं नाव स्वच्छ लिहिलेलं आहे. एक लक्षात ठेवा, सिनेमातलं गाणं या प्रकारांत चालत नाही. रेडिओवर कितीही गाजलेलं असो, चित्रपटातलं असेल तर बाद.

दुसऱ्या भाषेतलं गाणं आलं तर?

हा प्रश्न नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. बेळगावात संघाचं गाणं कन्नड असण्याची शक्यता मोठी. हैदराबादला तेलुगू, इंदूरला हिंदी किंवा माळवी, वडोदऱ्याला गुजराती. नियमाप्रमाणे समूहगीत कुठल्याही भारतीय भाषेत चालतं, म्हणजे मराठीलाही आडकाठी नाही. पण कुठलं गाणं घ्यायचं ते बसवणारे ठरवतात, आणि जो संघात आहे त्याचं ते ऐकतात. बाहेर राहून ‘आमचं गाणं घेत नाहीत’ म्हणण्यापेक्षा आत जाऊन, एक कन्नड गाणं नीट म्हणून, मग ‘सर, एक भारूड बसवू या का?’ असं विचारणं जास्त उपयोगाचं.

आणि संगीतानं ही सीमा कधी फार मानलेली नाही. भीमसेन जोशी गदग भागातले. त्यांच्या तोंडून मराठी अभंग घराघरांत गेले. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, आयुष्य गेलं माळव्यात देवासला, आणि तिथलं लोकसंगीत त्यांनी आपलंसं केलं. भाषा येत नसेल तर शब्द देवनागरीत लिहून घ्या, त्या भाषेच्या मित्राकडून उच्चार चारदा वदवून घ्या. ‘ळ’ आपल्याकडे आहेच. कन्नडात ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर सांभाळायचं असतं, तिथं थोडी मेहनत पडेल.

वाद्यवृंदात तर भाषेचा अडसरच नाही. ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी, तुतारी यांतलं काही येत असेल तर महाराष्ट्राबाहेरच्या संघात तुम्ही दुर्मीळ आहात. उलट गोव्यात घुमट-शामेळ शिकायची संधी सोडू नका. घुमटाबाबत एक सूचना : जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं, ते वन्यजीव कायद्यानुसार चालत नाही. आता बकऱ्याचं कातडं लावतात. घरातलं आजोबांच्या काळचं घुमट उचलून थेट स्पर्धेला नेऊ नका.

चाचणीला जाताना

दोन गाणी तयार ठेवा. एक मराठी अभंग किंवा भावगीत आणि एक हिंदी किंवा तुमच्या राज्याच्या भाषेतलं. दोन्ही कराओकेशिवाय म्हणून बघा. ट्रॅक बंद केल्यावर सूर सुटत असेल तर मोबाईलवरच्या तानपुऱ्यावर रोज वीस मिनिटं बसा.

आपली पट्टी माहीत असू द्या. ‘कशात गाता?’ या पहिल्याच प्रश्नाला बरीच मुलं गडबडतात. मुलांची पट्टी साधारण पांढरी एक-काळी एकच्या आसपास, मुलींची काळी चारच्या आसपास असते. मिश्र संघात हीच खरी डोकेदुखी. म्हणून बसवणारे काही ओळी मुलांना, काही मुलींना वाटून देतात किंवा मधली पट्टी शोधतात. तुमचा आवाज खाली किती आणि वर किती स्वच्छ जातो हे सांगता आलं तर त्यांचं काम सोपं होतं, आणि तुमचं नाव लक्षात राहतं.

गायनात जागा नसेल तर ‘साथीला बसू का?’ असं विचारा. पेटी, तबला, ढोलकी, टाळ, काहीही. साथीदार विद्यार्थीच हवा की बाहेरचा चालतो, ते त्या वर्षीच्या नियमावलीत बघून घ्या. नियम थोडेफार बदलत असतात.

अभ्यासाचं काय?

पालकांची काळजी खोटी नाही. महोत्सवाआधीचे तीन-चार आठवडे रोज प्रॅक्टिस असते आणि बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. त्यामुळे कामं कागदावर करा. प्रॅक्टिस आणि प्रवासाच्या दिवसांची हजेरी मिळेल असं पत्र आधीच घ्या, नंतर नाही. प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत परीक्षा बुडाल्या तर परत कधी घेणार, ते विषयाच्या शिक्षकांना विचारा. प्रवास, राहणं, पोशाखाचा खर्च कॉलेज करतं की मुलांनी करायचा, तेही नाव देतानाच विचारा, लाजू नका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर काही ठिकाणी अशा सहभागाला क्रेडिटही मिळतं. तुमच्याकडे आहे का, याची चौकशी करा. प्रमाणपत्राची झेरॉक्स जपून ठेवा.

चौकशी करायची कुठे? कॉलेजात सांस्कृतिक समितीचे प्रमुख प्राध्यापक. विद्यापीठात या विभागाचं नाव जागेनुसार बदलतं : महाराष्ट्रात विद्यार्थी विकास, मध्य प्रदेशात छात्र कल्याण, गोव्यात स्टुडंट्स वेल्फेअर. नोटीस लागायची वाट बघू नका. पुष्कळ ठिकाणी ती लागते तेव्हा जुन्या मुलांनी निम्मा संघ ठरवलेला असतो. कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच जाऊन नाव सांगून या.

पहिल्या वर्षी सहांत नंबर लागला नाही तरी प्रॅक्टिसला येऊन बसायची परवानगी मागा. कुणी आजारी पडतं, कुणाची परीक्षा येते, आणि ज्याला गाणं पाठ आहे त्यालाच हाक येते. तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या वर्षी आत गेलेल्याला तीन महोत्सव मिळतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याला फार तर दोन.