पाच लिटर म्हणजे किती ऑक्सिजन?

रुग्णालय सरकारी असो की खासगी, खाटेच्या डोक्याशी भिंतीवर एक उभी पारदर्शक नळी असतेच. तिच्यावर शून्य ते पंधरा आकडे छापलेले असतात, आत एक छोटी गोळी तरंगत असते आणि खालच्या बाटलीत पाणी बुडबुडत असतं. हा फ्लोमीटर. नातेवाइकांची नजर त्या गोळीवर खिळलेली असते, कारण या सगळ्या पसाऱ्यात वाचता येईल असा आकडा तिथेच असतो. 'काल दोनवर होते, आज पाचवर नेलंय,' असं गावाकडे फोनवरून कळवलं जातं. ऐकणाराही चुकचुकतो.

गोळीचा मध्य ज्या रेघेवर, तेवढे लिटर ऑक्सिजन दर मिनिटाला भिंतीतून बाहेर पडतोय, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. रुग्ण जी हवा आत घेतोय तिच्यात ऑक्सिजन किती टक्के आहे, हे गोळी सांगत नाही. ते ठरतं नळीच्या दुसऱ्या टोकाला काय लावलंय आणि रुग्ण श्वास कसा घेतोय त्यावर. पाच लिटर हा आकडा दोन खाटांवर सारखा असला, तरी दोघांना मिळणारा ऑक्सिजन वेगळा असू शकतो.

हिशोब असा आहे. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सहा लिटर हवा आत घेतो. पण ती काही मिनिटभर एकसारखी आत जात नाही. श्वास आत, मग बाहेर, मग थोडा विसावा. त्यामुळे हवा प्रत्यक्ष आत जाते त्या क्षणी तिचा वेग मिनिटाला पंचवीस-तीस लिटरपर्यंत पोचलेला असतो. धाप लागलेल्या माणसाचा साठच्याही वर जातो. नळीतून दोन लिटर येत असतील, तर बाकीची गरज खोलीतल्या हवेने भागते, आणि त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो.

म्हणून नाकात बसणारी दोन टोकांची नळी, जिला वॉर्डात सगळे 'प्राँग्ज' म्हणतात, ती एका लिटरला साधारण २४ टक्के देते आणि पुढच्या प्रत्येक लिटरला चारेक टक्के वाढवते. सहा लिटरला ४४ टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे नेण्यात अर्थ नाही. नाक कोरडं पडतं, आतून सोलवटतं, कधी रक्तही येतं. हे आकडे मात्र शांत श्वासाचे. धापा टाकणारा माणूस त्याच चार लिटरबरोबर खोलीतली कितीतरी जास्त हवा ओढतो आणि त्याच्या वाट्याला टक्के कमी येतात. ज्याला गरज जास्त त्यालाच ही नळी तोकडी पडते.

तरीही सगळ्या साधनांत मला हीच माणसाळलेली वाटते. ती लावून चहा पिता येतो, बोलता येतं, जेवता येतं. रुग्ण तोंडाने श्वास घेत असेल तर उपयोग नाही, हा समज खरा नाही. नाकामागच्या पोकळीत साठलेला ऑक्सिजन तोंडाने घेतलेल्या श्वासाबरोबरही आत जातो. टोकांचा बाक खालच्या बाजूला हवा, उलटा बसला की धार नाकाच्या छताला लागते. नळी कानामागून घेतात तिथे दोन-तीन दिवसांत कातडी लाल होते. चांगली सिस्टर तिथे आधीच गॉजची घडी ठेवते.

साध्या मास्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच ते दहा लिटरला तो चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान काहीतरी देतो. त्याची एक अट मात्र ध्यानात ठेवावी: पाच लिटरच्या खाली तो लावायचा नाही. प्रवाह कमी असला की सोडलेला श्वास मास्कमध्येच रेंगाळतो आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतो. 'आता बरं आहे, दोनवर आणा' असं ठरलं, तर मास्क काढून प्राँग्ज लावायला हवेत.

पिशवीचा मास्क, म्हणजे नॉन-रिब्रीदर, दिसतो तितका साधा नाही. हनुवटीखाली लोंबणारी पिशवी साधारण लिटरभर शुद्ध ऑक्सिजनचा साठा असते. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा आधी ती रिकामी व्हायला लागते, त्यामुळे खोलीतली हवा ओढायची गरज कमी होते. मास्क आणि पिशवी यांच्यामध्ये एक पातळ रबरी चकती असते. ती सोडलेला श्वास पिशवीत जाऊ देत नाही. गालांवरच्या भोकांवरही अशाच चकत्या असतात, त्या श्वास बाहेर सोडतात पण बाहेरची हवा आत घेत नाहीत. हे सगळं नीट जमलं तर साठ ते नव्वद टक्के ऑक्सिजन मिळतो. नीट जमण्याची खूण डोळ्यांनी दिसते. मास्क चेहऱ्यावर चढवण्याआधी आतल्या चकतीवर बोट दाबून पिशवी टम्म फुगवून घ्यायची, आणि नंतर प्रत्येक श्वासाला ती थोडी बसली पाहिजे, पण चपटी होता कामा नये. चपटी होत असेल तर प्रवाह अपुरा आहे. दहाच्या पुढे, पंधरापर्यंत न्यायला हवा. पिशवी अजिबातच हलत नसेल, तर मास्क सैल बसलाय आणि रुग्ण बाजूच्या फटींतून खोलीतली हवा घेतोय. चपट्या पिशवीचा मास्क लावून पाच लिटरवर ठेवलेला रुग्ण दिसला, तर नातेवाइकाने सिस्टरला हाक मारायला अजिबात संकोच करू नये.

या सगळ्यांत एकच साधन असं, ज्याने टक्केवारी ठरवून देता येते. व्हेंच्युरी मास्क. दिसायला साधाच, फक्त मास्कला एक जाडसर नळी जोडलेली आणि तिच्या टोकाला रंगीत प्लास्टिकचं बोंडूक. बहुतेक कंपन्यांचे रंग सारखे असतात: निळा २४ टक्के, पांढरा २८, नारिंगी ३१, पिवळा ३५, लाल ४०, हिरवा ६०. प्रत्येक रंगाला किती लिटर लावायचे तेही त्यावरच छापलेलं असतं.

बोंडकाच्या आत ऑक्सिजन एका बारीक छिद्रातून वेगाने सुटतो आणि बाजूच्या खिडक्यांमधून आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचा बर्नर गॅसबरोबर हवा खेचतो ती युक्ती हीच. छिद्र केवढं आणि खिडकी केवढी, यावर मिश्रणाचं प्रमाण पक्कं ठरतं. निळ्या बोंडकात एक भाग ऑक्सिजनमागे सुमारे पंचवीस भाग हवा मिसळते. म्हणजे भिंतीतून दोनच लिटर आले तरी मास्कमध्ये मिनिटाला पन्नासेक लिटरचा झोत तयार होतो. रुग्णाच्या श्वासाच्या वेगापेक्षा हा जास्त, म्हणून त्याला दुसरीकडून हवा घ्यावीच लागत नाही आणि २४ म्हणजे २४च राहतात.

यातून एक गंमत निघते, जी पुष्कळांना पटत नाही. निळ्या बोंडकावर गोळी दोनवरून सहावर नेली, तरी टक्के वाढत नाहीत. ऑक्सिजन तिप्पट झाला की ओढली जाणारी हवाही तिप्पट होते. टक्के वाढवायचे तर रंग बदलायचा. आणि हिरव्याची गोष्ट उलटी: तिथे एकाला जेमतेम एक भाग हवा मिसळते, पंधरा लिटरचे तीसच लिटर होतात आणि धाप लागलेल्याला ते पुरत नाहीत. थंडी वाजते म्हणून पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि खिडक्या झाकल्या गेल्या, तर सगळं गणितच बिघडतं.

हा मास्क आणला मोरन कॅम्पबेल या डॉक्टरांनी. लंडनमध्ये ते श्वासविकारांवर काम करत होते. १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. त्यांच्यापुढचा रुग्ण आपल्याही ओळखीचा आहे. वर्षानुवर्षं बिडी ओढलेला, किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली बाई. आज आपण या दुखण्याला सीओपीडी म्हणतो. यांतल्या काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून राहिलेला असतो. अशांना भरमसाट ऑक्सिजन दिला की हा कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. श्वासाची ओढ मंदावणं हे एक कारण. फुप्फुसातल्या खराब भागांकडे रक्त पुन्हा वळणं हे आज त्याहून महत्त्वाचं मानलं जातं. रुग्ण पेंगायला लागतो. बोटावरचं यंत्र शंभर दाखवत असतं आणि घरचे म्हणतात, 'आता कसे शांत झोपलेत.' ती झोप नसते. बोटावरचं यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही, त्यामुळे ते काहीच सांगत नाही.

अशा रुग्णांसाठी सॅच्युरेशनचं, म्हणजे त्या यंत्रावरच्या आकड्याचं, लक्ष्य ८८ ते ९२ ठेवतात. इतरांसाठी साधारण ९४ ते ९८. ९० दिसलं की धास्तावणाऱ्या नातेवाइकांना हे कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं, आणि बहुतेकदा सांगितलं जात नाही.

जादा ऑक्सिजनची किंमत किती, हे टास्मानियातल्या एका अभ्यासाने दाखवलं. तिथल्या अँब्युलन्समध्ये दम लागलेल्या ४०५ जणांपैकी काहींना मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना ८८ ते ९२ राखण्यापुरता मोजून दिला. २०१० मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या गटात नऊ टक्के दगावले, दुसऱ्यात चार टक्के. त्याच्याही आधी, १९४० आणि ५० च्या दशकांत, अपुऱ्या दिवसांच्या हजारो बाळांची दृष्टी काचपेटीतल्या अनिर्बंध ऑक्सिजनने गेली होती. तरी 'ऑक्सिजनच तर आहे, थोडा जास्त दिला तर काय बिघडतं' हे वाक्य वॉर्डात अजून ऐकू येतं.

बोटावरचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून १९७४ मध्ये आलं. २०२१ मध्ये ते आपल्याकडे थर्मामीटरच्या शेजारी जाऊन बसलं. गडद नेलपॉलिश आणि गार बोटं त्याला फसवतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, हे अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आलंय. ९३-९४ आकडा आणि समोर धापा टाकणारा माणूस असेल, तर विश्वास माणसावर ठेवावा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत एचएफएनसी हे नाव घराघरात पोचलं. हे यंत्र हवा-ऑक्सिजनचं मिश्रण गरम आणि दमट करून, मिनिटाला साठ लिटरपर्यंतच्या वेगाने, जाड प्राँग्जमधून नाकात सोडतं. व्हेंच्युरीसारखीच रुग्णाच्या श्वासाच्या वेगावर मात करण्याची कल्पना, पण इथे टक्के शंभरपर्यंत नेता येतात. साधन उत्तम. भूक राक्षसी. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. दोन लिटरच्या प्राँग्जवर तो दोन दिवसांहून जास्त पुरतो, दहा लिटरवर साडेअकरा तास, आणि साठ लिटर शंभर टक्क्यांवर दोन तासही नाही. अँब्युलन्समधल्या लहान सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतो. पंधरा लिटरचा पिशवीचा मास्क लावून निघालात तर शंभर मिनिटं. तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाताना घाटात गाडी अडकली, तर हा भागाकार जिवाशी येतो.

मोठी रुग्णालयं सिलिंडरवर नाही, द्रव ऑक्सिजनच्या टाकीवर चालतात. उणे १८३ अंशांखाली द्रव झालेल्या एका लिटरपासून आठशेहून जास्त लिटर वायू मिळतो. तो पाइपांतून साधारण चार बार दाबाने खाटेपर्यंत येतो. हा दाब पडला की फ्लोमीटर, एचएफएनसी, व्हेंटिलेटर, सगळंच लंगडं होतं. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. त्याच आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन विशाखापट्टणमला गेलेली रेल्वे, पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस, भरून नागपूर-नाशिककडे येत होती. त्या दिवसांत गळक्या जोडण्या शोधणं, रुग्ण जेवत असताना वाया जाणारा प्रवाह बंद करणं आणि ९९ दिसणाऱ्याचे लिटर कमी करणं, या साध्या कामांनीही ऑक्सिजन वाचत होता.

आता घरचं. सीओपीडीच्या ज्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन प्रकृती स्थिर असतानाही फार कमी राहतो, त्यांना दिवसाचे किमान पंधरा तास ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि ८१ च्या दोन अभ्यासांनी सिद्ध केलं. त्यासाठी घरी कॉन्सन्ट्रेटर असतो. तो ऑक्सिजन तयार करत नाही. झिओलाइटच्या खड्यांत नायट्रोजन अडकवून खोलीतल्या हवेतला ऑक्सिजन वेगळा काढतो. वीज गेली की बंद. म्हणून शेजारी भरलेला छोटा सिलिंडर हवाच. बुडबुड्यांच्या बाटलीत नळाचं पाणी घालू नये. सिलिंडरच्या झडपेला तेल-ग्रीस लावू नये, आणि ऑक्सिजन चालू असताना त्या खोलीत बिडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवू नये.

ब्रिटनमध्ये कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या रुग्णाला एक छोटं कार्ड देतात. त्यावर सॅच्युरेशनचं लक्ष्य आणि कोणत्या टक्क्यांचा व्हेंच्युरी लावायचा ते लिहिलेलं असतं, म्हणजे अँब्युलन्सवाला किंवा नवा डॉक्टर आंधळेपणाने पंधरा लिटर सोडत नाही. घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडून साधन, लिटर आणि लक्ष्य या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. तो कागद आधारकार्डाच्या पाकिटात ठेवा, आणि अँब्युलन्स आली की आधी तो दाखवा.