हवा खाणारा रंग

भंडारा जिल्ह्यात धान कापला जाण्याआधीच पुढचं पीक पेरून झालेलं असतं. उभ्या धानात, बांधीत ओल असतानाच, लाखोरी आणि जवस हातानं फेकून देतात. नांगर नाही, वखर नाही. याला उतेरा म्हणतात. धान घरी गेला की मागे राहिलेल्या ओलीवर जवस वाढतो. हिवाळ्याच्या सकाळी बांधी निळ्या फुलांनी भरते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. जवसाच्या चटणीचं कौतुक विदर्भाला सांगायला नको. पण त्याच दाण्याच्या तेलाला एक विलक्षण खोड आहे. ते पातळ पसरून उघड्यावर ठेवलं, तर काही दिवसांत त्याचा कोरडा, चिवट पापुद्रा होतो. शेंगदाण्याचं तेल तसंच ठेवून पाहा. खवट होईल, चिकट होईल, पण असं वाळणार नाही.

या एका खोडीवर ऑइलपेंट उभा आहे. म्हणून स्वयंपाकघरातली जुनी सागवानी आलमारी काढून मॉड्युलर किचन बसवायचं मनात असेल, तर आधी तिच्यावरच्या रंगाकडे जरा निरखून पाहा. आलमारी बहुतेक वेळा धडधाकट असते. थकलेला असतो तो वरचा केसापेक्षाही पातळ थर. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. ब्रशनं मारलेल्या इनॅमलचा एक हात वाळल्यावर साधारण २५ ते ३० मायक्रॉन भरतो आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. दोन हात मारले तरी केसाची जाडी गाठली जात नाही.

हा पापुद्रा तयार होतो कसा? दोरीवरचं लुगडं वाळतं तेव्हा पाणी उडून जातं आणि लुगडं हलकं होतं. जवसाचं तेल वाळताना चक्क जड होतं! दहा टक्क्यांच्या आसपास वजन वाढतं, कारण ते जेवढं सोडतं त्याहून जास्त घेतं. घेतं ते हवेतला ऑक्सिजन. या तेलाचा साधारण निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा. त्याच्या कार्बनच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या लगतची जागा कच्ची असते. ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो आणि शेजारच्या साखळीशी पूल बांधून देतो. असे असंख्य पूल झाले की सुटे रेणू जवळपास उरतच नाहीत. अख्ख्या दारावर एकच अखंड जाळं पसरतं.

आज दुकानात मिळणाऱ्या डब्यात निव्वळ जवसाचं तेल नसतं. त्यात अल्किड रेझिन असतं, पण तेही जवस किंवा सोयाबीनसारख्या तेलांपासूनच बनवतात आणि तेही हवा खाऊनच घट्ट होतं. पुरावा घरातच सापडेल. अर्धा वापरून ठेवलेला डबा काही महिन्यांनी उघडा, वर जाड साय धरलेली असते. झाकणाखाली जेवढी हवा अडकली होती, तेवढी रंगानं खाल्ली.

नुसत्या तेलाला वाळायला कित्येक दिवस लागतात. घाई करायला रंगात धातूंचे क्षार घालतात, मुख्यतः कोबाल्टचे आणि मँगनीजचे. इथे पुन्हा भंडारा आठवतो. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॉइल या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचं खनिज टॉर्चच्या सेलसाठी प्रसिद्ध आहे. सेलमध्ये काळी पूड होऊन बसणारा हाच धातू रंगात चिमूटभर असतो आणि दलालासारखं काम करतो. ऑक्सिजन आणि तेलाचा सौदा जुळवतो आणि स्वतः खर्च न होता पुढच्या सौद्याला मोकळा होतो.

आता शेगडीजवळच्या दारांवरून बोट फिरवा. तो पिवळट चिकटा कसला? फोडणीतून उडालेल्या तेलाचे बारीक थेंब दारावर बसतात आणि तेही हवा खाऊ लागतात. म्हणजे वर्षानुवर्षं आपण त्या आलमारीला हळद घातलेल्या रंगाचा एक कच्चा हात देत आलेलो असतो. या कच्च्या थरावर नवा रंग मारला की तो सोलून निघतो. म्हणून आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दारं पुसायची. सोड्यानं त्या चिकट्याचा साबण होतो, हाताला बुळबुळीत लागतो तो हाच. मग साध्या पाण्यानं दोन-तीनदा स्वच्छ पुसायचं, कारण मागे राहिलेला सोडा नव्या रंगाचाही साबण करायला कमी करणार नाही.

त्यानंतर पॉलिश पेपर. रंगाला धरायला ओरखडे हवेत, पण जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः लाल-पिवळ्या रंगांत, शिसं असू शकतं. पाण्याचा पेपर घ्या, मुलांना लांब ठेवा आणि घाण ओल्या फडक्यानं टिपा. खड्ड्यांत लांबी भरायची. जुनी लांबी म्हणजे खडूची पूड आणि पुन्हा जवसाचंच तेल.

उघड्या पडलेल्या सागाची मात्र वेगळीच तऱ्हा. वाळवीला आणि कुजण्याला दाद न देणारी जी द्रव्यं सागात असतात, त्यांतली काही ऑक्सिजनच्या कामातही खोडा घालतात. अशा लाकडावर ऑइलपेंट दिवसेंदिवस ओलाच राहू शकतो. त्यावर तोड म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात, ते शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवायचं आणि त्याचा एक पातळ हात मारायचा. लाखेच्या या थराला ऑक्सिजन लागत नाही. स्पिरिट उडालं की काम झालं, त्यामुळे सागाला अडवायला काही उरतच नाही. त्यावर अस्तर, मग रंगाचे दोन हात. पाण्यानं फुगलेल्या प्लायवुडला किंवा पोखरलेल्या फळीला मात्र रंग वाचवू शकत नाही. तिथे सुतारच बोलवावा.

काम झाल्यावर जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हवा खाताना तेल तापतं आणि ढिगात कोंडलेल्या उष्णतेनं फडकी आपोआप पेटू शकतात. ती पसरून वाळवावीत.

पांढरा रंग निवडलात, तर वर्षभरानं दारं उघडून पाहा. बाहेरून पांढरी, आतून पिवळसर! अंधारात या रंगात पिवळी द्रव्यं साठतात आणि उजेडात ती विरतात. दार काही दिवस उजेडात उघडं ठेवलं की पिवळेपणा बराचसा कमी होतो.

रंग हाताला लागेनासा झाला म्हणजे तो वाळला असं नाही. आतले पूल पुढे कित्येक आठवडे बांधले जात असतात. तेवढ्यात जड डबे ठेवले, तर त्यांची बुडं रंगात रुततात. म्हणून डबे मांडायची घाई करू नका आणि दारं थोडी उघडी ठेवा. रंगाला अजून हवा खायची असते.