थंड इंजिन बोलतं

नाशिककडच्या द्राक्षबागांत ओळींच्या मधून फिरणारा छोटा ट्रॅक्टर साधारण १८ ते ३० अश्वशक्तीचा असतो. तसा जुना घ्यायला गेलात, तर तो बहुधा धुतलेला, रंगवलेला आणि तुम्ही पोचायच्या आधीच चालू करून ठेवलेला मिळेल. रंग नंतर बघा. आधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, पण इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय पुढची बोलणी नकोत.

एवढा हट्ट कशासाठी? डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. पिस्टन वर येतो आणि सिलिंडरभर हवा सुमारे विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबतो. त्या दाबानेच ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि तिच्यात शिरलेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला २० वेळा घडतं. काडी नाही, ठिणगी नाही, नुसत्या दाबातून आग!

आता पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाबताना हवा निसटते आणि तापायचं राहतं. गरम इंजिन ही तूट भरून काढतं, म्हणून दुखणं झाकलं जातं. गार लोखंड मात्र उरलीसुरली ऊबही शोषून घेतं. सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सायलेन्सरमधून न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येत राहतो. क्षणभर आला तर काळजी नाही. निळा धूर टिकला तर ऑइल जळतंय. काळ्या धुराने लगेच घाबरू नका, कधी कधी एअर फिल्टर तुंबलेला असतो, एवढंच.

निसटलेली हवा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाते. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण जपून सैल केलं की तिथून फुकफुक धूर येतो. मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. ते जोरात असेल तर इंजिनकामाचा खर्च धरूनच भाव बोला.

बागेतल्या ट्रॅक्टरची आणखी एक खूण मला फार बोलकी वाटते. नटांच्या खाचांत, वायरिंगच्या जोडांत निळसर खपली दिसते का बघा. ती बागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाची. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, म्हणून नवा रंग खरवडून खालचा पत्रा तपासावा.

आरसी बुकावरचा बँकेचा बोजा, चासी आणि इंजिन नंबर ताडून पाहायचेच.

चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल, तर टायरांचे आकडे कंपनीच्या पुस्तकाशी जुळवा. अशा ट्रॅक्टरची पुढची छोटी चाकं मागच्यांपेक्षा किंचित, साधारण १ ते ५ टक्के, जास्त वेगाने जमीन कापतील अशी गिअरची मांडणी असते, म्हणजे पुढचा भाग सतत ओढत राहतो. मागे कुणी भलत्या मापाचे मोठे टायर चढवले की हे गणित उलटतं, आणि पुढच्या गिअरपेटीवर रोज ताण येतो. पुढच्या टायरांच्या गुट्ट्या मागच्यांहून खूप झिजलेल्या दिसल्या, तर फोर व्हीलचा दांडा टाकून डांबरी रस्त्यावर तो किती पळवला, हे मालकाला विचारा.