परिपत्रक वाचता येतं का?

दृष्टिहीन विद्यार्थी संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. त्यातला एनव्हीडीए फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये तो लिहायला घेतला. हा प्रोग्रॅम पडद्यावरचा देखावा पाहत नाही, पानामागचा कोड वाचून बोलून दाखवतो. ‘एच’ दाबलं की पुढचा मथळा, ‘के’ दाबलं की पुढची लिंक. पण मथळ्याची अक्षरं नुसती मोठी नि ठळक केली असतील, तर ‘एच’ला तो सापडत नाही. लिंकांची यादी मागवली तर ‘येथे क्लिक करा, येथे क्लिक करा’ असा जप ऐकू येतो.

खरी अडचण मात्र विद्यापीठाच्या परिपत्रकात असते. लिपिक ते संगणकावर टाइप करतो, छापतो, सही-शिक्का होतो, मग स्कॅन करून पीडीएफ चढवली जाते. म्हणजे हाती असलेला मजकूर मोडून त्याचा फोटो काढायचा! त्या फाइलीत एकही अक्षर नसतं, स्क्रीन रीडर वाचणार काय? ओसीआरने अक्षरं ओळखून घेता येतात, पण वेळापत्रकाचे रकाने एकमेकांत मिसळले की कुठला पेपर कधी, हे कळणं कठीण.

युनिकोडपूर्व मराठी फॉण्टांची गंमत आणखी वेगळी. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो.

यातून पार पडून अर्ज भरलाच, तर शेवटी चित्रातला कॅप्चा आडवा येतो. कमी दिसणाऱ्यांना फिकट अक्षरं छळतात (मजकूर नि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ फरक हवा), कर्णबधिरांना उपशीर्षकांविना व्याख्यानं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. प्रवेशाची सूचनाच वाचता येत नसेल तर त्या जागांचा उपयोग काय? याच कायद्याखालचा सुगम्यतेच्या निकषांचा २०१७ चा नियम निव्वळ शिफारशीवजा होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात तो रद्द ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सांगितलं.

कुलसचिव कार्यालयाला निकालाची वाट पाहायची गरज नव्हती, आजही नाही. परिपत्रकाचा मजकूर युनिकोडमध्ये थेट पानावर टाका. सही-शिक्क्याची प्रत हवीच असेल तर खाली जोडा.