माशाच्या ओठावरचा पांढरा डाग

माशाचे ओठ पांढरे दिसले की दुकानातली निळ्या औषधाची बाटली लगेच टाकीत ओतू नये. आधी टॉर्च लावून तोंड नीट पाहावे. काचेवर आपटून किंवा भांडणात ओठ सोलला असेल, तर जखम एकाच जागी राहते आणि स्वच्छ पाण्यात बहुधा आपोआप भरते. गोल्डफिश तोंड उघडेच ठेवत असेल, तर खडा अडकला आहे का ते बघावे. कापसासारखे मोकळे तंतू बुरशीचे. पण ओठांभोवतीची करडी-पांढरी कड दिवसागणिक पसरत असेल, तर तो बहुतेक कॉलम्नॅरिस, म्हणजे जिवाणूंचा रोग. तो उबदार पाण्यात झपाट्याने वाढतो, म्हणून हीटर वाढवणे इथे घातकच. मासा वेगळा ठेवावा, हवा वाढवावी, प्रतिजैविक पशुवैद्यांना विचारूनच द्यावे.

खरे औषध पाणीच. रोज पाव टाकी पाणी बदलावे, पण नवे पाणी कुठून येते ते पाहून. वसई-विरारला सूर्या, उसगाव, पेल्हार धरणांचे शुद्ध केलेले पाणी नळाला येते. त्यातले क्लोरिन काढूनच ते घालावे. टँकर किंवा बोअरवेलचे पाणी वापरत असाल तर आधी चाखून बघा, किनाऱ्याकडे ते मचूळ असू शकते. अशा पाण्यात उपचार म्हणून आणखी मीठ घालणे कोरीडोरससारख्या माशांना सोसत नाही.