शिबिरातली भांडी

परवा जळगावहून भाचीचा फोन आला. "मावशी, सोमवारपासून एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर. काय काय घेऊ?" टॉर्च, शाल, ताट-वाटी असं सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "भांडी कशी धुणार ते ठरलंय का गं?" ती हसली. हसू दे. आमच्यावर बेतलं होतं.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. आपल्याकडच्या कितीतरी मुली आईवडिलांशिवाय पहिल्यांदा राहतात त्या या शिबिरातच. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात शिकवत होते. साक्री तालुक्यातलं एक गाव, पन्नासेक मुलं-मुली, आणि नळाला पाणी दोन दिवसांआड. म्हणून काटकसर! एका घमेल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, त्यातच सगळी ताटं बुचकळायची. विसाव्या ताटाला त्या साध्या पाण्याचं वरण झालेलं असायचं. तिसऱ्या रात्री आठ जणांना उलट्या-जुलाब. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला, दुसरा भांड्यांचा. मी मान खाली घातली.

सकाळी शेजारच्या आजी ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "पोरी, हाई पानी फेकी दे वं माय." मग त्यांनीच पदर खोचला.

आधी उष्टं एका बादलीत झटकायचं. चिकट ताट चाळलेल्या राखेनं कोरडंच पुसून घ्यायचं, म्हणजे निम्मी घाण पाण्यात जातच नाही. मग पहिल्या घमेल्यात गरम साबणाचं पाणी, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसरं घमेलं माझ्या डोक्यातलं: चुलीवरून नुकतंच उतरवलेलं उकळतं पाणी. ताट सांडशीनं धरून अर्धा मिनिट पूर्ण बुडवायचं. पाणी निदान ७७ अंश तरी हवं. हात घालवला म्हणजे ते कोमट झालं, पुन्हा चुलीवर चढवा. साबणाचं पाणी गढूळ दिसलं की बदला, तिथे काटकसर नको. शेवटी ताटं उन्हात तिरकी उभी करायची. टॉवेलनं पुसायची नाहीत. दिवसभर हात पुसलेला तो टॉवेल, त्यानं पुन्हा सगळं मागे यायचं.

पाणी मोजलं तर पहिल्यापेक्षा दोन बादल्याच जास्त लागलं.

सांडपाणी विहिरीपासून लांब. मुलांचं श्रमदान शोषखड्ड्याचंच होतं, तो तिथेच खणून घेतला. पोट बिघडलेल्यांना स्वयंपाक आणि भांडी, दोन्हीतून सुट्टी.

अजून एक. तोपर्यंत घासायला फक्त मुलीच बसत होत्या आणि मुलं कुदळ घेऊन फोटो काढत होती. चौथ्या दिवसापासून मी पाळ्या लावल्या. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, घरी कधी घासली नाहीत." म्हटलं, "मग राख घे, शिकवते."

भाचीला हे सगळं सांगितलं. तिनं सांडशी बॅगेत टाकली.